घरातली हाक

विद्यापीठाच्या वैद्यकीय आवारात स्मृतिभ्रंशावर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथल्या तपासनीस बाई पेशंटना त्यांच्याच माणसांचे फोटो दाखवून "हे कोण?" असं विचारायच्या आणि उत्तर लिहून घ्यायच्या. त्यांचे स्वतःचे वडील याच आजाराने गेले होते. शेवटचं वर्षभर त्यांनी लेकीला ओळखलं नाही, ही सल बाईंच्या मनात कायम होती.

त्या सकाळी पहिल्या आजोबांना मुलाचा फोटो ओळखता आला नाही. मग बाईंकडे टक लावून पाहत ते म्हणाले, "ढब्बू, किती वाळलीस गं!"

बाईंचं पेन जागीच थांबलं. ढब्बू अशी हाक त्यांना फक्त वडील मारायचे, तीसुद्धा घरातच.

दुसरे आले ते एक म्हातारे गवंडी. बायकोचा फोटो बाजूला सारून त्यांनी विचारलं, "जेवलीस का, ढब्बू?" आवाज गवंड्याचा होता, पण शब्द ओढत बोलायची लकब थेट वडिलांची.

बाईंना खरं तर घाबरायला हवं होतं. पण त्यांचा जीव सुखावला होता. त्यांनी घाईघाईने तिसऱ्या पेशंटला बोलावलं.

सुनेने एका आजींना आणून खुर्चीत बसवलं आणि ती बाहेर गेली. बाईंनी फोटो काढलेच नाहीत. पुढे वाकून त्यांनी हळूच हाक मारली, "बाबा?"

"हळू बोल, ढब्बू," आजी कुजबुजल्या. "ज्यांच्या तोंडून मी बोलतोय, त्या आजी परत आल्यात. आत येऊ का, म्हणून विचारतायत. काय सांगू त्यांना?"