घरवार्ता, अंक तिसरा

"अंक कुणाला दिलास गं?" भागीरथीनं चिमीचा दंड धरला.

"समोरच्या दामुअण्णांना. दर खेपेला तेच पहिले वाचतात ना!"

भागीरथीनं चटकन माळ्याकडे पाहिलं. प्लेगाची साथ होती, गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी उचलून नेत होते, आणि दामुअण्णा त्याच तपासणीच्या कचेरीत कारकून. लेकीनं हातानं लिहिलेल्या 'घरवार्ते'त पहिलीच बातमी होती : 'बाबांच्या काखेत गाठ आली आहे. आईने त्यांना माळ्यावर लपवले आहे.'

वर नवरा कण्हला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं घाईघाईनं जातं ओढायला घेतलं. समोरच्या घरातलं जातंही सकाळपासून थांबलं नव्हतं.

दारात जोडे वाजले. दामुअण्णा एकटेच होते. त्यांनी घडी घातलेला कागद तिच्यापुढे धरला. बातमीवर शाई फासलेली होती.

"पोरीला आवरा, वहिनी. असलं काही लिहायचं नसतं."

तिनं कागद घेऊन कनवटीला खोचला. ते पायरी उतरले, थबकले, पुन्हा वर आले. माळ्याकडे बघत अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"वहिनी, गाठीवर तुम्ही काय बांधता हो?"