फरशीवरचे थेंब

मी बेवडा नाही. बेवडा घाईनं पितो. मी दर रविवारी दुपारी आमच्या नल्लकुंट्याच्या घरी दोस्तांबरोबर बसतो आणि पहिल्या घोटाआधी बोट बुडवून चार थेंब जमिनीला देतो. वडीलही द्यायचे.

अलीकडे ते थेंब टिकत नाहीत. पडले की फरशी लगेच कोरडी होते.

"दोस्त यायचे केव्हाच बंद झाले," बायको, त्रिवेणी, म्हणाली. "आणि आज मंगळवार आहे. बसता कुणाबरोबर?"

"मी एकटा कधीच पीत नाही! हौला, येडा समजतेस का मला?" समोर दुसरा ग्लास भरून ठेवलेला होताच. "मनात आणलं तर आत्ता सोडतो. बघच तू."

मी माझा ग्लास बेसिनमध्ये ओतला, टेबलावर पालथा घातला आणि हाताची घडी घालून बसलो.

समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढच्या ग्लासातली दारू हलली, कुणीतरी बोट बुडवावं तशी. चार थेंब उडून माझ्या हनुवटीवर पडले.

"पुसा ते," त्रिवेणी कुजबुजली.

पुसायला काही उरलंच नव्हतं. माझी जीभ आधीच फिरून गेली होती.