शेवटचा अर्धा तास

सकाळचे दहा वाजले होते आणि होसिया विस्तवावरच्या बरगड्यांवर सॉस फासत होता.

ओझेला पावांची टोपली घेऊन होती तिथेच थांबली. आधी तिला वाटलं, मांस सुकू नये म्हणून तासा-तासाला शिंपडतात ते पातळ व्हिनेगर नवरा शिंपडतोय. पण कुंचल्यावरून ओघळत होतं ते दाट, काळपट तांबडं होतं. तिनेच पहाटे उठून आटवलेलं. टोमॅटो, व्हिनेगर, मोहरी, तिखट आणि बरणीभर काकवी. सगळा घोळ त्या काकवीचा. धगीवर फार वेळ राहिली की ती जळते, कडू होते, मांसावर कोळशाचं कवच चढतं. जेवण दोनला, म्हणजे सॉस दीडला. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि होसिया तर अडतीस वर्षं या चर्चमागच्या अंगणात बरगड्या भाजत आलेला. बाराला सॉस लावायला निघालेल्या एकाच्या बोटांवर त्याने एकदा चिमटा हाणला होता. तो माणूस चर्चचा पाळक होता.

"काय वहिनी, भूत बघितल्यासारखी उभी?"

हा लूशियस, होसियाचा धाकटा भाऊ. लाकडं फोडायला म्हणून यायचा आणि खुर्चीत बसून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचा. त्याला एखादी गोष्ट कळली की जेवणाची पानं मांडायच्या आत सगळ्या चर्चला कळायची. आणि आज तर परतीचा रविवार. शिकागोला, डेट्रॉइटला गेलेली झाडून सारी माणसं मिसिसिपीत घरी आलेली.

"ऊन लागलं," ओझेला म्हणाली.

"उन्हाला कशाला नावं ठेवतेस? वय झालं म्हण की!"

ती हसली. नजर कुंचल्यावरून हलली नाही.

होसियाचा बाप असाच गेला होता. सुरुवात अशीच, रोजच्या कामातून झालेली. एके सकाळी तो तीस वर्षांपूर्वी मेलेल्या खेचराला दाणा घालायला निघाला. मग घराची वाट विसरला. मग माणसं. शेवटी घास गिळायचंही विसरला. त्याचं सगळं ओझेलाने केलं होतं, त्यामुळे कशामागून काय येतं ते तिला पाठ होतं.

आणि हे आजचंही नव्हतं. ईस्टरपासून होसिया गोड वागायला लागला होता, आणि तिची झोप उडाली होती ती तेव्हापासून. आगीपाशी उभा असला की हा माणूस कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. 'तू तुझं भांडं बघ, बाई,' हे ती लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून ऐकत आली होती. आता काहीही सांगा, 'बरं झेला.' 'होय झेला.' चर्चमधल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस गं! त्यांना काय सांगणार, कपाळ?

कुंचला बरगड्यांच्या चौथ्या पट्ट्यावर गेला. असे तीस पट्टे होते.

सांगावं तर लूशियसचे कान इथेच. न सांगावं तर दोन वाजता सगळं चर्च कडू मांस चघळत एकमेकांकडे बघणार. आणि सांगितलं, पण आपण काय म्हणतोय तेच त्याला उमगलं नाही, तर?

"लूशियस, दुकानातून बर्फ आण जा. दोन पोती."

"आत्ता? अगं, मी नुकता टेकलोय."

"तू सकाळपासून नुकताच टेकलायस. ऊठ. एवढ्या माणसांना बर्फाचा चहा कोमट देऊ का?"

तो कुरकुरत गाडीत बसला. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत ओझेला थांबली. मग जवळ गेली.

"होसिया, दहा वाजलेत."

कुंचला थांबला. त्याने मांसाकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओरड रे बाबा, ती मनात म्हणत होती. चिमटा उगार. भांडं बघ म्हण.

तो ओरडला नाही. त्याने सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्याकडे पाठ करून वाचू लागला. बराच वेळ वाचत होता. मग वळला आणि कुंचला तिच्या हातात दिला.

"निघेल का हे?"

"न निघायला काय झालं? व्हिनेगरने पुसून काढू. पाचच झालेत."

दोघांनी मिळून पुसलं. आत गाणं सुरू झालं होतं. पाचवा पट्टा पुसताना तो म्हणाला, "लूशियसला मुद्दाम घालवलंस ना?"

"हो."

"मला वाटत होतं, तुला कळलेलं नाही."

"मला वाटत होतं, तुला."

त्याने कागद पुढे केला. "वाच. आता लपवून काय करू?"

चर्चचं ईस्टरचं पत्रक होतं, त्याची कोरी बाजू. अक्षर मोठं, शाळकरी पोरासारखं दाबून काढलेलं. हाडामागची पातळ कातडी सोल. मीठ आदल्या दिवशी. लाकूड हिकोरीचं, पाइन कधीच नाही. सॉस शेवटच्या अर्ध्या तासात. या ओळीखाली तीन रेघा होत्या. त्याच्याही खाली, गिरवून गिरवून कागद फाटायला आला होता तिथे, लिहिलं होतं:

'झेला सांगेल ते खरं. तिच्यावर ओरडायचं नाही.'