आईंची शिकवणी

हल्ली दुपारी सासूबाई खोलीचं दार लोटून फोनवर काहीतरी पुटपुटत बसायच्या. मी चहा घेऊन गेले की एकदम गप्प. नणंदेकडे माझ्याच चुगल्या चालल्या असणार, दुसरं काय!

आज मी मिक्सर बंद केला आणि दाराला कान लावला. फोनमधला मास्तर सांगत होता, "पुट अप विथ, म्हणजे सहन करणे. टेक टर्न्स, म्हणजे आळीपाळीने करणे." सासूबाई त्याच्यामागून घोकत होत्या.

या वयात इंग्रजी! मला हसूच आलं. आणि मग लक्षात आलं. दोन्ही शब्द माझे होते. आईंना मी एकटीनेच किती सहन करायचं, थोरल्या दिरांनी आळीपाळीने ठेवून घ्यायला नको का, हे सगळं मी त्यांच्यासमोरच, जेवताना, नवऱ्याला इंग्रजीत ऐकवलं होतं. त्यांना कळू नये म्हणून.

रात्री जेवताना नवऱ्याने तोच विषय पुन्हा इंग्रजीत काढला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दाबला.

सासूबाईंनी त्याच्या वाटीत आमटी वाढली. "मराठीत बोल रे," त्या म्हणाल्या. "बोलायला मीच शिकवलंय तुला."