उरलेलं कुंकू

दर दसऱ्याला बाबा कॉम्प्युटरला कुंकू लावायचे आणि बोटाला उरलेलं योगिनीच्या कपाळाला. यंदा बाबाच गेले, आणि नारायणगुड्यातल्या शहाण्या नातेवाइकांनी घरात दसराही होऊ दिला नाही.

बाबांनी बसवलेला, प्रोग्रॅम टाकण्या-काढण्याचा जुना पॅकेज मॅनेजर मात्र डेस्कटॉपवर ठाण मांडून होता. योगिनीच्या कामाचा एकही प्रोग्रॅम तो बसू देईना.

"त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय गं," आई म्हणाली.

"नोकरी जाईल माझी, आई!"

तिने तो मुळासकट उपटला. फोल्डर पुसले, सेटिंग्ज पुसल्या, पुन्हा शोधून पाहिलं. बाबांचं नाव कुठेच नव्हतं.

"हौ, संपलं." भरल्या डोळ्यांनी तिने आईकडे मान वळवली.

आई तिच्या कपाळाकडे बघतच राहिली. "कुंकू कधी लावलंस गं? ओलंच आहे."

योगिनीचे दोन्ही हात अजून कीबोर्डवरच होते.