पेडलची डबी

राइली गाडीत पालथी पडली होती. डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर, वितळत्या बर्फाच्या चिखलात. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात हे असलं काम तिने कधी केलं नव्हतं. तिचा नवरा वेइयो दाराला टेकून, टॉर्च धरून उभा होता आणि तोंडाने काम करत होता.

"पेडलच्या वर बघ. काळा प्लग दिसतोय? त्याची खिट्टी दाब आणि ओढ. हळू! तुटेल."

"टॉर्च माझ्या डोळ्यांवर मारतोयस तू."

"मग डोळे बाजूला घे."

एरवी त्याने या गाडीचं बोनेटसुद्धा दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नसतं. चाळीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवलेला माणूस. पण आज सकाळी कॉफी पिता पिता म्हणाला, तिथे वाकायचं मला जमायचं नाही, पाठ धरलीय. पाठ. राइलीने कप विसळले आणि त्याच्यामागून अंगणात आली.

प्लग सुटला. आता पेडल आणि सुटलेला प्लग यांच्या मध्ये डबी बसवायची होती. एक टोक पेडलकडे, दुसरं वायरकडे. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, वर एक ते सात आकड्यांचं बटण. सोमवारी पोस्टाने आली होती. वेइयोने तिला तीनदा समजावून सांगितलं होतं: ॲक्सिलरेटरचं पेडल जरासं दाबलं की ही डबी इंजिनला सांगते, पुष्कळ दाबलं.

"हल्लीच्या गाड्यांत पेडलला ओढायची तारच नसते," तो आता चौथ्यांदा सांगू लागला. "नुसती वायरीतून कळवाकळवी. म्हणून गाडी मंद झालीय. पिकअपच घेत नाही."

"काल मी लापुआ गावाला नेली होती," राइली खालून म्हणाली. "चांगली पळाली."

"तू प्रेत घेऊन निघाल्यासारखी चालवतेस. तुला काय कळणार पिकअप!"

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. हातातला प्लग अर्धाच आत गेला होता. इथे, तोंड खाली असताना, त्याचा चेहरा दिसत नसताना सांगून टाकता आलं असतं. परवा जिन्यात त्याच्या उजव्या पायातली सपात गळून पडली होती आणि ते न कळता तो तसाच वर निघून गेला होता. तिने ती उचलून गुपचूप पलंगाखाली ठेवली होती.

तिने प्लग दाबला. टक् असा आवाज झाला.

"कितीवर ठेवू?"

"सात."

"लोक तीन-चारवर ठेवतात, तूच म्हणाला होतास."

"सात, राइली."

ती बाहेर आली, गुडघे झटकले. वेइयो सीटवर बसला, डावा पाय आत घेतला, मग उजव्या गुडघ्यावरची पँट मुठीत धरून तो पाय उचलून आत ठेवला. तेवढा वेळ राइली समोरच्या बर्चच्या झाडांकडे बघत राहिली. मग पलीकडून जाऊन त्याच्या शेजारी बसली.

"एक चक्कर मारून येतो फक्त. तू कशाला?"

"असू दे. मी येतेय."

हिवाळाभर गोठ्यात कोंडलेलं वासरू कुरणात सुटावं तशी गाडी उधळली. खडी तडतडत खालून आपटली. शेजाऱ्यांचं कोठार मागे गेलं, टपालपेट्यांची रांग मागे गेली. आणि वेइयो हसत होता. तोंड उघडून, मोठ्याने. नाताळपासून तिने हे हसू ऐकलं नव्हतं.

"बघितलंस? गाडीचाच दोष होता! मी म्हणत नव्हतो?"

त्याच्या गालांवर रंग चढला होता. क्षणभर राइलीला वाटलं, असेलही. गाडीचाच असेल.

पुढे त्यांचा कच्चा रस्ता हमरस्त्याला मिळत होता. डावीकडून दुधाचा टँकर येत होता.

"वेइयो, थांब."

"थांबतोय."

गाडी थांबत नव्हती.

"थांबतोय ना," तो पुन्हा म्हणाला. तो रस्त्याकडे बघतच नव्हता. स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता.

राइलीने गिअरचा दांडा न्यूट्रलवर ढकलला आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी खडीवर आडवी घसरली आणि पुढची चाकं डांबराच्या कडेला टेकता टेकता उभी राहिली. लांबलचक हॉर्न देत टँकर गेला. त्याने उडवलेला बर्फाचा चिखल सगळ्या काचेवर आला आणि बाहेरचं काही दिसेनासं झालं.

इंजिन मात्र अजून किंचाळत होतं. ते खाली येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. तेव्हा ती पट्टा सोडून त्याच्या मांडीवरून खाली वाकली, अंधारात चाचपडत त्याचा बूट दोन्ही हातांनी धरला आणि पेडलवरून उचलला. इंजिन शांत झालं.

वेइयोचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, ट्रकवाल्याचे असतात तसे, नीट. 

"ब्रेकपण मंद झालाय," तो म्हणाला.

"हो," राइली खालूनच म्हणाली. "बघू."

"तू वर ये आता. पाय काढलाय मी."

बूट तिच्या दोन्ही हातांत होता.