मोठेबाबा

तिसरं लेकरू असलं की सरपंचपदाला उभं राहता येत नाही, म्हणून नीळकंठने धाकट्या स्वरदाला कागदावर आपल्या लहान भावाची मुलगी करून टाकलं. ती झाली तेव्हा गावभर पेढे वाटले होते, ते याच माणसाने.

तो निवडून आला. गुलालाने माखून दाराशी आला तशी स्वरदा धावली, “बाबा!”

त्याने लोकांकडे पाहत तिला हाताने लांब केलं. “मोठेबाबा म्हन. किती खेप सांगितलं?”

ओवाळायला दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, शारदाला, शिसारी आली. तिने आरतीचं ताट खाली ठेवलं, नाकापर्यंत पदर ओढला आणि ती मागे सरकली.

“काऊन थांबली? ओवाळ ना!”

“तिचे मोठेबाबा म्हंजे माहे भासरे,” ती हळूच म्हणाली. “नवऱ्याच्या थोरल्या भावाले ओवाळत नसतात जी.”